रणभूमीवरील स्नेह्यास गांवचें वर्तमान

फौजेला दारूगोळा लागतो, अन्न लागतें, औषधपाणी लागतें, आणि या सर्वांचा हिशेब सरकारी दप्तरांत काटेकोर ठेवलेला असतो. परंतु ज्या एका गोष्टीवांचून शिपायाचें मन थाऱ्यावर राहत नाहीं, तिचा हिशेब कोणत्याहि दप्तरांत सांपडत नाहीं. ती गोष्ट म्हणजे गांवचें वर्तमान. मृगाचा पाऊस वेळेवर पडला कीं नाहीं, ओढ्याकांठच्या तुकड्यांत यंदा काय पेरलें, म्हैस व्याली काय, भावकीचा दावा कोठवर आला, आई दम्यानें अंथरुणास खिळली होती ती उठली काय, हे प्रश्न इतिहासकारांस क्षुल्लक वाटतील. पण समुद्रापार खंदकांत बसलेल्या मनुष्यास दिवसरात्र तेच घोळत असतात. हें वर्तमान त्यास कोण कळवितें, खरें कळवितें कीं सजवून, आणि स्वतःच्या हातानें कळवितें कीं परक्याच्या, हा विषय वरवर पाहतां घरगुती आहे. परंतु त्यांत लोकशिक्षणाचा, स्त्रियांच्या स्थितीचा आणि सावकारी व्यवहाराचाहि प्रश्न गुंतलेला असल्यामुळें त्याचा विचार वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१९१४ सालीं सुरू झालेल्या पहिल्या महायुद्धांत या देशांतून दहा लाखांहून अधिक माणसें समुद्रापलीकडे गेलीं, आणि त्या युद्धांत चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक मृत्यु पावलीं. त्या वेळीं साध्या शिपायाचा पगार दरमहा ११ रुपये होता. कोंकणांतील व देशावरील मराठा पलटणींचा मोठा भाग फ्रान्सकडे न जातां मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे, रवाना झाला. पुण्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. घरून निघतांना बसरा हें नांव ज्यांनीं ऐकलें नव्हतें, अशा शेतकऱ्यांचीं मुलें तैग्रिस नदीच्या चिखलांत लढलीं. त्यांच्या आणि घरच्यांच्या मध्यें एकच धागा होता, आणि तो टपालाचा.

टपालाची सोय तेव्हां नवी नव्हती. १८७९ सालीं एक पैशाचें कार्ड निघालें, १८८० सालीं मनिऑर्डर सुरू झाली, आणि १९२२ सालीं कार्डाची किंमत दुप्पट होईपर्यंत गरिबासहि पत्र पाठविणें परवडत होतें. आगबोटी होत्या, लढाईच्या जागींहि फौजेचीं टपाल कचेऱ्या होत्या. उणीव होती ती अक्षरज्ञानाची. १९११ च्या खानेसुमारींत या देशांतील दर हजार पुरुषांमागें सुमारें १०६ व दर हजार स्त्रियांमागें केवळ १० इतक्यांस लिहितां वाचतां येत होतें. ज्या सरकारनें खेड्याखेड्यांतून शिपाई गोळा केले, त्याच सरकारनें त्या खेड्यांतून शाळा काढण्यास पैसा नाहीं असें सांगितलें होतें. नामदार गोखल्यांनीं १९११ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल आणलें. १९१२ सालीं कायदेकौन्सिलानें तें फेंटाळलें. दोनच वर्षांनीं त्या फेंटाळण्याची किंमत अगणित कुटुंबांनीं मोजली, ती अशी कीं, टपालपेटी दारापाशीं येऊनहि तींत टाकावयाचें पत्र त्यांस लिहितां येईना.

एका पत्राचा प्रवास पाहिला म्हणजे हें स्पष्ट होईल. शिपायाच्या पत्नीच्या मनांत कांहीं सांगावयाचें आहे. सासूसासऱ्यांसमक्ष ती तें बोलूं शकत नाहीं, म्हणून दिराच्या तोंडून सांगते. दीर गांवच्या कुलकर्ण्याकडे, शाळामास्तराकडे किंवा दुकानदाराकडे जातो. तो लिहिणारा ऐकलेल्या गोष्टींतून स्वतःस योग्य वाटतील तेवढ्या घेतो व पत्राच्या ठराविक सांच्यांत बसवितो. पुढें तें पत्र लष्करी तपासनिसाच्या टेबलावरून जाऊं शकतें. शेवटीं पलटणींत जो कोणी वाचतां येणारा असेल तो तें चार माणसांत मोठ्यानें वाचून दाखवितो. नवराबायकोच्या मध्यें इतके कान व इतकीं तोंडें बसलीं असतां त्या पत्रांत उरणार काय? वडील मंडळींस दंडवत, धाकट्यांस आशीर्वाद, येथील क्षेम, तेथील क्षेम लिहीत जाणें, आणि कळावें. शिपाई तें पत्र कानांनीं ऐके, मग घडी घालून छातीशीं ठेवी. परंतु ज्या एका माणसाचा शब्द त्यास हवा होता, तो त्यांत नसे.

तपासनिसाचा उल्लेख आला म्हणून त्याविषयीं थोडें सांगतों. १९१४ सालीं हिंदी फौज फ्रान्सांत उतरल्यावर तिच्या टपालावर देखरेख ठेवण्यासाठीं कॅप्टन हॉवेल या अधिकाऱ्याच्या हाताखालीं एक कचेरी उघडण्यांत आली. येणाऱ्या जाणाऱ्या पत्रांतून निवडक उतारे काढून त्यांचें इंग्रजी भाषांतर करावें, आणि फौजेचें मन कोणीकडे झुकतें आहे तें वरिष्ठांस कळवावें, हें तिचें काम. ते उतारे लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत आजहि जपून ठेवलेले आहेत, आणि डेव्हिड ओमिसी या अभ्यासकानें त्यांतील वेंचे १९९९ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले. त्यांत लढाईच्या वर्णनाइतकीच, किंबहुना अधिक, घरची विचारपूस आहे. पीक कसें आलें, लग्न ठरलें काय, कर्ज कोणाचें फिटलें, पैसे पोंचले कीं नाहीं. तपासनिसास चकविण्यासाठीं शिपाई सांकेतिक भाषा वापरीत. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, असा संकेत त्यांत प्रसिद्ध आहे. तपासनिसांस तो कळला, हें निराळें सांगावयास नको, कारण कळला नसता तर आपणांसहि कळला नसता!

या संग्रहांतील एक गोष्ट मात्र मनास टोंचते. मूळ पत्रें ज्याचीं त्यास धाडलीं गेलीं आणि बहुतेक काळाच्या उदरांत गडप झालीं. मागें राहिलें तें त्यांचें इंग्रजी. फ्रान्सांतील पायदळ मुख्यतः उत्तरेकडचें असल्यामुळें त्यांत मराठीचा वांटाहि स्वाभाविकच थोडा आहे. म्हणजे ज्या मराठी घरांनीं माणसें दिलीं, त्यांच्या तोंडचे शब्द त्यांच्याच भाषेंत वाचावयाचे झाल्यास ते सरकारी दप्तरांत नव्हे, तर जुन्या घरांच्या माळ्यांवरील पेट्यांतच शोधले पाहिजेत. या गोष्टीकडे आम्ही पुढें वळणार आहों.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. दूर रणांगणावर असलेल्या मनुष्यास घरचें अशुभ वर्तमान कळवावें कीं नाहीं? आपल्या लोकांत रूढि अशी आहे कीं, कळवूं नये. ही रूढि केवळ अडाणीपणाची आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तिच्या मागें माया आहे, आणि कांहीं विचारहि आहे. तो बिचारा हजारों कोस दूर. रजा मिळणार नाहीं. येथें येऊन त्यास कांहीं करतां येणार नाहीं. मग त्याच्या जिवास घोर कशाला? आईचें वर्षश्राद्ध झाल्यावर मुलास तिचा मृत्यु कळला, अशीं उदाहरणें ज्यांच्या घराण्यांतून फौजेंत माणसें गेलीं त्यांस नवीन नाहींत. कळविणाऱ्यांचा हेतु शुद्ध होता. तथापि शुद्ध हेतूनें केलेलें कृत्य हितकरच असतें असा नियम नाहीं.

आमच्या व्यापारी वाचकांस एक दाखला देतों. पेठेंत ज्याची हुंडी प्रत्येक वेळीं सकारली जाते, त्याच्या सहीस मोल असतें. ती एकदां जरी परत फिरली, तरी पुढच्या दहा हुंड्या खऱ्या असूनहि घेणारा साशंक होतो. पत्रांतील ‘सर्व खुशाल आहे’ या शब्दांचेंहि तसेंच आहे. घरीं ताप असतां, बैल मेला असतां, शेत गहाण पडलें असतां जर तेच शब्द लिहिले गेले, आणि शेजारच्या गांवच्या शिपायाच्या पत्रांतून खरी गोष्ट फुटली, तर त्या दिवसापासून घरच्या कोणत्याहि पत्रानें त्या मनुष्याचें समाधान होत नाहीं. खुशालीचें पत्र आलें कीं, यांत काय लपविलें असेल, याचा तो विचार करूं लागतो. एक दुःख लपवून घरच्यांनीं त्याच्या माथीं शंभर शंका लादलेल्या असतात. आणि त्या शंका तो कोणापाशीं बोलणार?

वर्तमान न मिळाल्यानें काय होतें याचा कडू अनुभव या प्रांताला १९१६ सालीं आला. कूत-अल-अमारा येथें जनरल टाउन्शेंडची फौज ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यांत सांपडली. जवळजवळ पांच महिने तो वेढा चालला. अन्न संपलें, घोडे व खेचरें मारून खाण्याची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० माणसें तुर्कांच्या कैदेंत गेलीं. वर सांगितलेल्या तिन्ही मराठा पलटणींचीं माणसें त्यांत होतीं. वेढ्याच्या काळांत बिनतारी यंत्रानें सेनापतीचे निरोप बाहेर जात होते, पण शिपायाच्या कार्डाचा मार्ग बंद होता. पुढें कैद्यांस वाळवंटांतून मोसल व रास-अल-ऐनपर्यंत पायीं नेण्यांत आलें, आणि तेथें रेल्वेच्या कामावर राबविण्यांत आलें. त्यांतील पुष्कळ परत आले नाहींत. ज्या घरांत माणूस जिवंत कीं मृत हेंच ठाऊक नसतें, त्या घरांतील बाईनें मळवट भरावा कीं पुसावा? वर्तमान वाईट असलें तरी त्यास शेवट असतो. अज्ञानास शेवट नसतो. जी यातना रणावरून पत्र न आल्यानें घरच्यांस होते, तीच घरून खरें पत्र न आल्यानें रणावरच्यास होते, हें आपण ध्यानांत घेत नाहीं.

याच्या उलट बाजूचें उदाहरण १९१८ सालचें आहे. त्या वर्षीं जून महिन्यांत इन्फ्लुएन्झाची सांथ मुंबईस आली, आणि पावसाळ्याच्या अखेरीस तिनें दुसरी, फार भयंकर उसळी घेतली. त्याच वर्षीं पाऊसहि दगा देऊन गेला. या देशांत त्या सांथीनें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं, आणि मुंबई इलाख्याची हानि फार मोठी झाली. नोव्हेंबर १९१८ मध्यें तह झाला, तोफा थांबल्या, जे शिपाई गोळ्यांतून वांचले ते आनंदानें घराकडे निघाले, आणि त्यांतील कित्येकांस ओसाड ओसऱ्या पाहाव्या लागल्या. युद्धांत गेला तो मुलगा उरला, आणि घरीं सुरक्षित राहिलीं तीं माणसें गेलीं, असा तो उफराटा काळ होता. अशा वेळीं ज्याला आधीं पत्र मिळालें होतें त्यानें बोटीवरच रडून घेतलें असेल. ज्याला मिळालें नाहीं त्यानें वेशीवर पाय ठेवल्यावर शेजाऱ्याच्या तोंडून ऐकलें असेल. या दोहोंत दयेचा मार्ग कोणता, हें वाचकांनींच ठरवावें.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, मग ती कांहींस कटु लागो. पत्र लिहून देणारा मनुष्य अनेक खेड्यांत गांवचा दुकानदार किंवा सावकार असे. मनिऑर्डर त्याच्या ओट्यावर वाचली जाई, तिचे पैसे त्याच्याच वहींत जमा होत, आणि तिची पोंच तोच लिही. सर्वच सावकार लबाड होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. आपल्या शब्दाला जागणारे, शिपायाच्या मुलांबाळांस अडीअडचणींत धान्य देणारे व्यापारी याच वर्गांत होते. परंतु ज्याच्या वहींत शेताचें गहाण आहे, त्यानेंच शेताविषयींचें पत्र लिहावें, ही व्यवस्थाच सदोष होती. धनी दूर असतां दावा लावावा, एकतर्फी हुकूमनामा मिळवावा, आणि पत्रांत मात्र ‘काळजी नसावी’ असें लिहावें, हें त्या व्यवस्थेंत अशक्य नव्हतें. सरकारासहि हा धोका मान्य करावा लागला. युद्धाच्या किंवा तशाच विशेष परिस्थितींत नोकरीवर असलेल्या शिपायाविरुद्ध दिवाणी व महसुली दावे त्याच्या पाठीमागें चालूं नयेत म्हणून संरक्षण देणारा कायदा १९२५ सालीं नव्यानें एकत्र करण्यांत आला. पण कायद्याचा उपयोग ज्याला दावा लागल्याची खबर आहे त्यालाच होतो. खबर देणारा निःस्वार्थी पाहिजे.

म्हणूनच आमच्या मतें रणावरील मनुष्यास सर्वांत अधिक उपयोगी कोण पडतो, तर गांवांत मागें राहिलेला त्याचा स्नेही. बाप पैशाची वाट पाहत असतो. भाऊ वांटणींत पक्षकार असतो. आई सोसण्यांत धन्यता मानते. लिहिणाऱ्याचा व्यवहार गुंतलेला असतो. स्नेह्यास यांपैकीं कांहीं नसतें. तो बांधावरून जाऊन शेत पाहूं शकतो, वैद्याला किंवा डॉक्टराला दोन प्रश्न विचारूं शकतो, आणि जसें दिसलें तसें लिहूं शकतो. गांवच्या जत्रेंत यंदा कुस्ती कोणी मारली, तालमीची भिंत पडली ती कोणीं उभारली, शाळेंत नवे मास्तर कसे आहेत, या गोष्टीहि त्यानें लिहाव्या. कारण त्यांच्या योगानें दूर असलेल्यास आपण अद्याप गांवचेच आहों असें वाटतें. मनुष्य पलटणींत एक क्रमांक असतो. गांवच्या पत्रांत तो अमक्याचा मुलगा आणि तमक्याचा सोबती असतो.

अशुभ वर्तमान कसें लिहावें याचा उत्तम वस्तुपाठ या महाराष्ट्रांत एका स्त्रीनें घालून दिला आहे. सावित्रीबाई फुल्यांनीं जोतीरावांस लिहिलेलीं १८५६, १८६८ व १८७७ या वर्षांचीं तीन पत्रें उपलब्ध आहेत. जोतीराव युद्धावर नव्हते हें खरें, पण दूर असलेल्या माणसास कळवावयाचें वर्तमान म्हणून तीं पाहण्यासारखीं आहेत. १८६८ च्या पत्रांत जातिबाह्य प्रेमाबद्दल एका तरुणावर व तरुणीवर गांव धांवून गेल्याची हकीकत आहे. १८७७ च्या पत्रांत जुन्नर भागांतील दुष्काळाची. बाईंनीं कांहींएक झांकलें नाहीं, आणि नुसतें रडगाणेंहि गाइलें नाहीं. संकट काय, आपण त्यावर काय केलें, कोण साह्यास आलें, पुढें काय योजिलें आहे, असा त्यांचा क्रम आहे. वाचणाऱ्यास दुःख होतें, पण अनाथ वाटत नाहीं. कारण वाईट बातमीबरोबर तिच्यावरील तजवीजहि त्याच कागदावर येते. हें त्या लिहूं शकल्या, कारण त्यांस कोणा कुलकर्ण्याची मिनतवारी करावी लागली नाहीं. १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा उघडणाऱ्या बाईंचा हात स्वतःचा होता.

पुढील पिढ्यांनीं तो धडा किती मंदगतीनें गिरविला! कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें. मुंबई इलाख्यांत विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीनें १९१८ सालीं कायदा झाला. तोंपर्यंत युद्ध संपत आलें होतें. विशेष असें कीं, फौजेनें एके काळीं याहून चांगलें उदाहरण घालून दिलें होतें. कंपनीच्या लष्करांत शिपायांच्या मुलांस व मुलींस शिक्षण सक्तीचें होतें असें डॉ. आंबेडकरांनीं लिहून ठेविलें आहे, आणि त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेंतच मुख्याध्यापक होते. पुढें १८९० नंतर महारांस फौजेचें दार बंद झालें, तेव्हां पगाराबरोबर ही शाळाहि त्यांच्यापासून दुरावली. १९१७ सालीं गरज पडतांच १११ क्रमांकाची महार पलटण उभारली, आणि गरज सरतांच १९२१ सालीं मोडली; १९४१ सालीं पुन्हा महार रेजिमेंट उभी राहिली. ज्यांस गांवच्या पाणवठ्यावर जाण्याची मुभा नव्हती, त्यांस गांवच्या कुलकर्ण्यानें पत्र लिहून द्यावें ही आशा कितपत फळाला येणार? त्यांच्या घरांतील वर्तमान समुद्रापार कसें गेलें असेल, याचा विचार उच्च म्हणविणाऱ्यांनीं जरूर करावा.

दुसऱ्या महायुद्धांत हिंदी फौजेची संख्या पंचवीस लाखांपर्यंत गेली. मराठा पलटणी आफ्रिकेंत व इटलींत लढल्या. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत धारातीर्थीं पडले. अहमदनगरकडचे शिपाई नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनियो नदीवर पराक्रम केला. दोघांसहि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या काळांतहि पत्रें तपासलीं जात व त्यांचे अहवाल तयार होत. त्या अहवालांतून दिसतें कीं, शिपायास शत्रूच्या तोफेपेक्षां घरची महागाई अधिक छळीत होती. १९४२ सालीं ब्रह्मदेश पडला, तिकडचा तांदूळ बंद झाला. १९४३ सालीं बंगालांत भीषण दुष्काळ पडला, मुंबईंत शिधावाटप सुरू झालें. ज्याच्या घरीं तांदूळ मिळत नाहीं, त्याला छावणींत पोटभर मिळालेला घांस गोड कसा लागावा? त्याच सुमारास सातारा जिल्ह्यांत, जेथून फौजेस पिढ्यान् पिढ्या माणसें गेलीं, नाना पाटलांचें प्रतिसरकार चालत होतें. एक भाऊ सरकारच्या पलटणींत आणि दुसरा सरकारविरुद्ध रानांत, असा तो विलक्षण प्रसंग. गांवचें सर्वांत मोठें वर्तमान तेंच, आणि पत्रांत लिहितां येणार नाहीं तेंहि तेंच. शिपायानें काय ऐकलें असेल तें रजेवरून परतणाऱ्या सोबत्याच्या तोंडूनच.

आतां काळ पालटला आहे. देश स्वतंत्र आहे, सीमेवरील फौज आपली आहे, आणि तिच्या टपालासाठीं ५६ व ९९ या क्रमांकांच्या लष्करी टपाल कचेऱ्यांचा पत्ता देशभर परिचित आहे. पण कागदाचें पत्र मागें पडून मोबाइल फोन हातांत आला आहे. सियाचेनहून परतलेला जवान तळावर येतांच घरच्यांचें तोंडहि पाहूं शकतो. यामुळें लपवाछपवी थांबली काय? थांबली नाहीं. आवाज प्रसन्न करून ‘इकडे सगळें ठीक आहे’ असें सांगण्याची चाल जशीच्या तशी आहे. फक्त ती आतां लेखणीऐवजीं जिभेला चिकटली आहे. बोलणें चार मिनिटांचें, भोंवतीं दहा माणसें, मध्येंच तुटणारा आवाज. त्यांत दुखण्याचें नांव, औषधाचा खर्च, कर्जाचा हप्ता, मुलाची नापासी हें सर्व राहून जातें. शिवाय बोललेलें पुन्हा वाचतां येत नाहीं. रात्रीं पहाऱ्यावरून आल्यावर दिव्याशीं धरून दहादां वाचावा असा कागद तो कागदच.

यास्तव आमच्या कांहीं सूचना आहेत. ज्यांच्या ओळखीचा मनुष्य सीमेवर आहे त्यांनीं महिन्यास एक पत्र लिहावें, आणि तें स्नेह्यानें लिहावें. त्यांत पीकपाणी, बाजारभाव, लग्नकार्य, मृत्यु यांची तारीखवार नोंद असावी. वाईट बातमी असेल तर ती पहिल्याच परिच्छेदांत, सरळ शब्दांत द्यावी, आणि लगेच काय व्यवस्था केली तें सांगावें. मात्र पलटणीच्या हालचालींविषयीं कांहीं विचारूं नये, आणि त्यानें चुकून सांगितलें तर चार लोकांत किंवा समाजमाध्यमांवर पसरवूं नये. घरची बातमी उघडी असावी, फौजेची झांकलेली. पत्नीनें आपलें पत्र आपण लिहावें, आणि घरच्या वडील माणसांनीं तें फोडूं नये. ज्या घरीं अजूनहि एखादी बाई निरक्षर असेल तेथें तिला लिहावयास शिकविणें ही शेजाऱ्यांची जबाबदारी समजावी. शेतीच्या दाव्यासंबंधानें अडचण आल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जावें. तें याच कामासाठीं आहे.

शेवटची सूचना जुन्या पत्रांविषयीं. अशुभ वर्तमानाचें पत्र घरांत ठेवूं नये, वाचून फाडून टाकावें, अशी आपल्याकडे समजूत आहे. तिच्यामुळें घरोघरच्या पेट्यांत जीं पत्रें उरलीं तीं बहुधा खुशालीचींच, आणि खरें दुःख फाटून गेलें. निदान जें उरलें आहे तें तरी वाळवीच्या तोंडीं देऊं नये. पत्र कोणत्या गांवचें, कोणी कोणास लिहिलें, हें आजींना व आजोबांना विचारून शाईनें टिपून ठेवावें, त्याची छायाप्रत काढावी, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेस दाखवावें. शिवकालीन कागदांस जी आस्था आपण दाखवितों, तिचा शतांश तरी खापरपणजोबाच्या कार्डास मिळावा.

कारण दगडावर काय लिहिलें आहे तें पाहा. महाराष्ट्रांतील कित्येक गांवांत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. या गांवांतून इतके गेले व इतके मेले, एवढेंच तिच्यावर कोरलेलें असतें. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गांवचे ४६ वीर त्या युद्धांत पडले, आणि त्या गांवास लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखतात. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांचीं नांवें कोरलीं गेलीं, पण सामान्य हिंदी शिपायांची केवळ संख्या लिहिली गेली. या पक्षपाताबद्दल ब्रिटिश सरकारनें २०२१ सालीं आपल्या पार्लमेंटांत क्षमा मागितली. ज्यांच्या दगडावर केवळ आंकडा उरला, त्यांचें नांव, त्यांच्या म्हशीचें नांव, त्यांच्या आईच्या दम्याची चौकशी जर कोठें सांपडेल, तर ती एखाद्या पिवळ्या पडलेल्या कार्डावरच सांपडेल. तीं कार्डें शोधणें आणि आजच्या सैनिकास खरीं पत्रें लिहिणें, हीं दोन्ही कामें पैशाचीं नाहींत, कायद्याचीं नाहींत. तीं घरोघरच्या निश्चयाचीं आहेत. तो निश्चय आमचे वाचक करतील अशी आम्हांस उमेद आहे.